पुण्याचं दयाळू मशीन

पूर्णा, १२ जून १९८८

प्रिय कावेरी,

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

आमच्या संस्थेला कुणा दात्यानं एक संगणक देऊ केला आहे. सचिव व्यंकटरावांनी परवा कचेरीतल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं, की ज्याच्याजवळ संगणकाचं प्रमाणपत्र असेल तो इथं पूर्णेत राहील आणि जो टाइपरायटरला चिकटून बसेल त्याची राणीसावरगावच्या शाळेत बदली होईल. बोलताना ते माझ्याकडे बघत होते. टाइपरायटरला चिकटलेली कचेरीत मी एकटीच आहे.

मला राणीसावरगावचं वावडं नाही. पण माधवरावांची नजर आता जवळजवळ गेलीच. तरी ते इथं कुणावर अवलंबून नाहीत, कारण ते गाड्यांच्या आवाजावर चालतात. मनमाडची गाडी गेली की अंघोळ, हैदराबादची आली की चहा. इंजिनाच्या शिट्टीवरून दिशा धरून एकटे स्टेशनवर जातात आणि हमालांशी गप्पा मारून येतात. बदलीचं नाव काढलं तेव्हा म्हणाले, "इथं मी रिटायर स्टेशनमास्तर हाय. जिथं रूळ न्हाईत तिथं मी नुसता आंधळा." म्हणजे बदली झालीच तर मी तिकडे आणि ते इकडे, एकटे. घरात आम्हा नवरा-बायकोशिवाय तिसरं माणूस नाही, हे तुला ठाऊकच आहे.

म्हणून मी पोस्टानं शिकवणारा संगणकाचा अभ्यासक्रम घेतला आहे. पहिल्या धड्याचं पहिलं वाक्य असं : आपल्या संगणकासमोर ताठ बसा व बटण दाबा. मी संगणक अजून पाहिलेलासुद्धा नाही. त्या लोकांना लिहून विचारलं, की ज्यांच्यासमोर संगणक नाही त्यांनी कशासमोर बसावं. उत्तर आलं, विद्यार्थ्यानं आपला इंतजाम आपण करावा. सोबत दुसरा धडा होता. सध्या मी शिवणयंत्रासमोर बसते. ताठ.

तू मागं लिहिलं होतंस, की तुमच्या पुण्याच्या कचेरीत मोठा संगणक आला आहे आणि त्याचा सगळा कारभार तुझ्या हाताखालून जातो. मी इथं कागदावर प्रोग्राम लिहून पाठवले, तर ते त्यात घालून काय उत्तर येतं ते कळवशील का? तुझ्याशिवाय मला कोण आहे असं लिहिणार होते, पण ते फार झालं असतं.

तुझी
सुमंगला

पुणे, २१ जून १९८८

सुमे,

विचारायचं काय त्यात? पाठव. संगणकाची खोली काचेची आहे आणि आत माघासारखा गारठा. देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागतात. आत जाणारा एकही कागद माझा हात लागल्याशिवाय जात नाही. जेवणाच्या सुट्टीत तुझं काम करून टाकत जाईन. फक्त हे कुणाला सांगू नकोस. साहेब लोकांना कळलं तर मला तकलीफ होईल.

तुझं पत्र वाचून सिकंदराबादचं कॉन्व्हेंट आठवलं. सिस्टर आग्नेस तुला उभं करायची, तू पहिलं वाक्य खणखणीत म्हणायचीस आणि दुसऱ्याला अडकायचीस. मग मागच्या बाकावरून मी हळूच पुढचं पुरवायची. तुला शाबासकी आणि मला ओठ हलवल्याबद्दल छडी. तेव्हापासून मला आपलं ओठ मिटून हसता येतं.

माधवरावांना सांग, पुण्याच्या स्टेशनवर कुणी कुणाशी गप्पा मारत नाही. त्यांनी पूर्णा सोडू नये.

कावेरी

पूर्णा, ४ जुलै १९८८

प्रिय कावेरी,

सोबत माझा पहिला प्रोग्राम. एका विद्यार्थ्याचे दोन विषयांचे गुण यंत्राला सांगायचे आणि त्यानं सरासरी काढून दाखवायची आणि पास की नापास तेही सांगायचं. प्रत्येक ओळीला दहा, वीस, तीस असे नंबर का, ते मला कळेना. माधवरावांना विचारलं तर म्हणाले, मधे एखादं स्टेशन नवं निघालं तर जागा नको का? पुन्हा मागच्या ओळीवर जायचं असेल तर गाडी बाजूच्या लूप लाइनला घ्यायची, असंही त्यांनी समजावलं. धडे मी मोठ्यानं वाचते, ते खाटेवर पडून ऐकतात. पेपर मात्र त्यांना आधी लागतो. पेपर झाल्याशिवाय संगणक नाही.

आमच्या कचेरीतला भुजंगही हाच अभ्यासक्रम करतो आहे. तिशीतला लिपिक, व्यंकटरावांच्या भाचीचा नवरा. त्याला दर रविवारी नांदेडला एका क्लासमध्ये खऱ्या यंत्राला हात लावायला मिळतो. त्यामुळे तो जरा छाती काढून चालतो.

तपासायला गुण घातले आहेत ऐंशी आणि नव्वद. बघ काय येतं. या वयात दहावीचा निकाल लागणार असल्यासारखं वाटतं.

सुमंगला

पुणे, १५ जुलै १९८८

सुमे,

चालला! उत्तर आलं पंच्याऐंशी. मशीननं जराही कुरकुर केली नाही.

चाळिसाव्या ओळीत 'जर' लिहून तू 'तर' लिहायला विसरली होतीस, पण तुला काय म्हणायचं ते मशीनला कळलं. मोठं मशीन आहे, समजूतदार आहे. तुझं अक्षर अजून तसंच ठसठशीत आहे. तेही त्याला आवडलं असावं.

पुढचा पाठव.

कावेरी

पूर्णा, २९ जुलै १९८८

प्रिय कावेरी,

तुझं पत्र माधवरावांना वाचून दाखवलं. त्यांनी शेजारच्या केशरबाईंना हाक मारून सांगितलं, की आमच्या घरचा प्रोग्राम पुण्यात चालला. केशरबाईंना वाटलं नाटक-बिटक बसवलं. त्या विचारत होत्या, तिकीट किती.

भुजंग मात्र मानायला तयार नाही. म्हणाला, "बाई, ते नांदेडचं मशीन लय खत्रूड हाय. एवढंसं काही सुटलं की जागचं हलंना. तुमचं पुण्याचं काय सांगायलाव?" मी त्याला शांतपणे सांगितलं, की यंत्रायंत्रांतही घराण्याचा फरक असतो. पुण्याच्या यंत्राला माणसाचं मन कळतं. दुपारी येऊन त्यानं हळूच विचारलं, की त्याचेही प्रोग्राम तुझ्याकडे पाठवता येतील का. मी नाही म्हटलं. तुझ्यावर किती भार टाकायचा?

काल व्यंकटरावांनी चौकशी केली. मी म्हटलं, एकही प्रोग्राम अजून अडलेला नाही. त्यांनी भुजंगकडे असं पाहिलं, की मला त्याची दया आली. सोबत तीन प्रोग्राम आहेत.

सुमंगला

पुणे, २० ऑगस्ट १९८८

सुमे,

उत्तराला वेळ लागला. मागचे आठ-दहा दिवस मशीन बंद होतं. मलाही ताप होता. आता दोघंही बरे आहोत, पण खोकला जात नाही.

तिन्ही प्रोग्राम चालले. तिसऱ्याला फार वेळ लागला. मशीन दोन जेवणाच्या सुट्ट्या त्याच्यावर बसलं होतं.

एक सांगू? परीक्षेचं मशीन दुसऱ्या जातीचं असलं तर थोडं हटवादी असू शकतं. तेव्हा तू आपली चाळिसावी ओळ वगैरे नीट बघत जा. उगीच काळजी म्हणून लिहिलं. तू हुशार आहेस.

कावेरी

पूर्णा, १६ ऑक्टोबर १९८८

कावेरी,

परीक्षा सप्टेंबरात होती, पण औरंगाबादला नामांतराचे मोर्चे निघाले, एस.टी. बंद झाली, आणि ती पुढं गेली. मला बरंच वाटलं होतं. अजून एक उजळणी होईल म्हणून.

ती परवा झाली. भुजंग आणि मी एकाच गाडीनं गेलो, शेजारशेजारच्या यंत्रांवर बसलो. प्रश्न सरासरीचाच होता, तुझ्याकडे चाललेला. मी तो जसाच्या तसा टाइप केला. चाळिसाव्या ओळीवर यंत्र थांबलं. तिथं 'तर' घातल्यावर पुढं सरकलं आणि पडद्यावर आकडा आला, एकशे पंचवीस. शंभरपैकी एकशे पंचवीस. भुजंगनं मान लांब करून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पोरगं लय हुशार दिसायलंय."

मी तो प्रोग्राम पुन्हा टाइप केला. पुन्हा एकशे पंचवीस. वेळ संपल्यावर परीक्षकानं दाखवलं. मी दोन गुणांच्या बेरजेला कंस घातला नव्हता. त्यामुळे यंत्रानं फक्त नव्वदचे अर्धे केले आणि त्यात ऐंशी मिळवले. मी म्हटलं, पण सरासरी म्हणजे काय ते त्याला कळायला नको? तो पोरगेला परीक्षक हसून म्हणाला, "आजी, त्याला तुमच्या मनातलं नाही कळत."

आजी. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, आणि तूही.

परतीच्या गाडीत मी विचार करत बसले. पुण्याच्या यंत्राला माझ्या मनातलं कसं कळलं? माझं वाक्य अर्धं राहिलं तरी पुढचं ज्याला कळतं असं या जगात एकच डोकं मला माहीत आहे, आणि ते मागच्या बाकावर बसायचं. त्याला ताप येतो. खोकलाही येतो.

मी नापास झाले आहे. भुजंगही. डिसेंबरात पुन्हा परीक्षा आहे, आणि व्यंकटरावांनी सांगितलं की ती शेवटची. तुझ्या मशीनच्या मायेनं मी राणीसावरगावच्या वाटेला लागले, कावेरी. आता खुलासा कर.

सुमंगला

पुणे, २४ ऑक्टोबर १९८८

सुमे,

मी आवक-जावक विभागात आहे. काचेच्या खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून कागदांचे गठ्ठे आत देते आणि परत घेते. माझा हात लागल्याशिवाय कागद आत जात नाही हे खरं आहे. आत मी एकदाच गेले, उद्घाटनाचे पेढे घेऊन.

तू विचारलंस तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण आपल्या वर्गातली एक तरी संगणकावर बसते म्हणून तुला किती आनंद झाला होता. मग तसलेच धडे मिळवून मीही वाचले आणि तुझे प्रोग्राम डबा खाता खाता पेन्सिलीनं सोडवले. ऐंशी आणि नव्वदची सरासरी काढायला मला मशीन कशाला लागतं? मी कंसाकडे बघितलंच नाही. मी तुझ्याकडे बघत होते.

आतल्या एका मुलीकडून मशीनचं जाडं पुस्तक मागून आणलं आहे. पाठव तुझे प्रोग्राम. आता पुस्तकात लिहिलं आहे त्याच्या बाहेर मी काडीभर जाणार नाही. तुला काय म्हणायचं आहे त्याच्याशी माझा संबंध नाही.

कावेरी

पुणे, ९ नोव्हेंबर १९८८ (कार्ड)

ओळ ३०. चूक.

पूर्णा, १५ नोव्हेंबर १९८८

कावेरी,

काय चूक? कुठली? एवढं मोठं कोरं कार्ड पोस्टानं पाठवायचं आणि त्यावर तीन शब्द? मी सगळी ओळ उलटसुलट करून पाहिली. माधवराव म्हणतात, सिग्नल लाल असला की ड्रायव्हर त्याला कारण विचारत नसतो.

निदान खोकला कसा आहे ते लिही. दुरुस्त करून पुन्हा पाठवते आहे.

सुमंगला

पुणे, २२ नोव्हेंबर १९८८ (कार्ड)

ओळ ३० बरोबर. ओळ ५०. चूक. खोकल्याचा मजकूर प्रोग्रामचा भाग नाही.

पूर्णा, २८ नोव्हेंबर १९८८

कावेरी,

तीस वर्षांत आपण भांडलो नाही ते आता भांडणार असं दिसतं. तुझं कार्ड वाचून मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी भाजी निवडताना एकदम पन्नासावी ओळ दिसली. दोन कंस उघडले होते आणि एकच मिटला होता. किती उघडं बोलत असते मी, सगळं दुसऱ्यानं मिटावं म्हणून.

माधवराव कार्डांवर खूश आहेत. माझ्या पत्रांपेक्षा तुझी कार्डं त्यांना जास्त कळतात म्हणे. स्टेशनच्या तारा अशाच असायच्या. पोस्टमननं मात्र काल विचारलं, पुण्याच्या पाहुण्यांचं काही बिनसलं का?

सुमंगला

पुणे, ७ डिसेंबर १९८८ (कार्ड)

चालला.

पूर्णा, २० डिसेंबर १९८८

प्रिय कावेरी,

तुझं ते एका शब्दाचं कार्ड पर्समध्ये ठेवूनच मी औरंगाबादला गेले. परीक्षा झाली. काय झालं ते नीट लिहिते, कारण मला स्वतःलाच ते नीट कळलेलं नाही.

गाडी पेडगावला क्रॉसिंगसाठी थांबली होती. भुजंगनं शेंगा घेतल्या, निम्म्या माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि इकडंतिकडं बघून म्हणाला, "बाई, तुमाला म्हणून सांगतो. मी तर नापासच व्हायला निघालोय." मला वाटलं, धीर सुटला. पण तसं नव्हतं. व्यंकटरावांना निवडणूक लढवायची आहे आणि त्यांचं गाव राणीसावरगाव. म्हणून संगणक पूर्णेला येणारच नाही. तो राणीसावरगावच्या शाळेत बसणार, आणि जो पास होईल त्याला त्याच्यामागोमाग पाठवणार. जो नापास होईल तो पूर्णेत टाइपरायटरवर. मी विचारलं, तुला काय अडचण आहे तिथं? तर म्हणाला, "माझी सासरवाडी हाय तिथं. रोज सासऱ्यासमोर जेवायचं म्हंजे काय असतं ते तुमाला न्हाई कळायचं."

गाडी हलली. जालन्यापर्यंत मी शेंगा सोलत बसले. इतके महिने पास व्हायला जीव आटवला, तो माधवरावांना सोडून जावं लागू नये म्हणून. आता त्यांना सोडायचं नसेल तर नापास व्हायला हवं. मी ठरवलं, नापास व्हायचं. आणि नापास कसं व्हायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. एक कंस घालायचा नाही, बस.

प्रश्न पुन्हा गुणांचाच होता. फक्त या वेळी सगळ्या वर्गाची गुणपत्रिका करायची होती. मी सगळं सुरेख लिहिलं आणि कंस सोडला. पहिल्या मुलाला मी तेच ऐंशी आणि नव्वद दिले होते; पडद्यावर त्याच्यापुढं आकडा आला, एकशे पंचवीस. परीक्षक, तोच तो, खिडकीशी चहा पीत होता. भुजंग हात मांडीवर ठेवून तृप्त बसला होता. मलाही उठायला हरकत नव्हती.

पण मला उठवेना. बावीस वर्षं मी गुणपत्रिका टाइप करते आहे, कावेरी. एवढ्या वर्षांत कुणा पोराच्या हातात चुकीचा आकडा दिला नाही. तो मुलगा खोटा होता, त्याचं नावही नव्हतं, तरी त्याची ती एकशे पंचवीस मला बघवेना. आणि वरून तुझी कार्डं कानात वाजायला लागली. तू ती बोलून दाखवली नव्हतीस तरी वाजायला लागली. मी म्हटलं, फक्त कंस घालून पंच्याऐंशी येते का एवढं बघू आणि पुन्हा काढून टाकू. घातला. पंच्याऐंशी आली. तेवढ्यात परीक्षक मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वा, आजी."

मग तो कंस काढणं माझ्यानं झालं नाही.

माधवरावांना अजून सांगितलेलं नाही. निकाल यायला अवकाश आहे. ते रोज विचारतात, बरा गेला ना पेपर? मी म्हणते, फार बरा.

सुमंगला

पुणे, २९ डिसेंबर १९८८

सुमे,

वेडी आहेस. सगळ्या जन्मात एकदा मुद्दाम नापास व्हायचं होतं, तेही तुला जमलं नाही. सिस्टर आग्नेसनं तुझं वाटोळं केलं आणि उरलेलं मी.

आता खरं सांगायची पाळी तुझी. मी चार महिने लपवलं तर काय झालं ते पाहिलंस. त्यांना सांग.

खोकला गेला.

कावेरी

राणीसावरगाव, १२ फेब्रुवारी १९८९

प्रिय कावेरी,

पत्ता बदलला आहे, तो वर बघून ठेव.

निकालाचं पत्र आलं त्या दुपारी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पेडगाव, शेंगा, कंस, सगळं. हैदराबादची गाडी आली, तरी त्यांनी चहा मागितला नाही. ती सुटली, पुलावरून गेली, तिचा आवाज पार विरला. मग म्हणाले, "तिथं गाडीच न्हाई म्हणतीस. म्हंजे लेट बी काही न्हाई. बांध सामान."

मला वाटलं होतं, ते रागावतील. तेव्हा रागावले असते तर पुढचे दिवस मला सोपे गेले असते. इथं आल्यावर ते खरोखर आंधळे झाले. सकाळ झाली हे कळेना. पहिल्या आठवड्यात दोनदा दार समजून घरमालकीण बायनाबाईंच्या गोठ्यात गेले. बायनाबाई भल्या आहेत. म्हणाल्या, "मास्तर, म्हशीला बी आता तुमची वळख झाली." ते हसले, पण नंतर अंगणाबाहेर जाईनासे झाले. दिवसभर खाटेवर बसून राहायचे. मी शाळेतून आले की पेपर वाचून दाखवायचा. इथं तो दुसऱ्या दिवशी येतो. तेवढा वेळ सोडला तर त्यांना माझ्याशीही बोलणं नको असे.

संगणकाचं म्हणशील तर तो आला. बँड लावून आला. व्यंकटरावांनी त्याला हार घातला, भाषण केलं, आणि तेव्हापासून तो खोक्यातच आहे, कारण त्या खोलीत वीज जेमतेम पंखा फिरवण्याएवढी येते. मी मुलांना फळ्यावर शिकवते. त्यांनी प्रोग्राम लिहायचा आणि मी त्याबरहुकूम वागायचं. काल एका पोरानं मला दारापर्यंत चालवलं आणि थांब म्हणायला विसरला. मी चालत राहिले. पटांगण ओलांडलं, विहिरीपर्यंत गेले, आणि सगळी शाळा माझ्यामागं ओरडत. हेडमास्तर काम सोडून बाहेर आले. भुजंग पूर्णेत सुखात टाइपरायटर बडवतो आहे. बायको आठ दिवसांसाठी इथं माहेरी आली तेव्हा तिच्याबरोबर माझ्यासाठी चहापत्तीचा पुडा पाठवला होता.

काल संध्याकाळी वीज गेली. कंदिलाची काच फुटलेली, पेपर वाचता येईना. मी चुलीपाशी बसले होते. ते पलीकडच्या भिंतीशी खाटेवर. मला भीती वाटली, की आता पेपरही नाही म्हणजे आजच्या दिवशी त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "पेपर राहू दे. पोरांनी आज काय काय चुका केल्या ते सांग."

मी विहिरीपासून सुरुवात केली. हेडमास्तर कसे धावले तिथवर आले असेन, तोवर खाट करकरली. ते उठले होते. मी बोलणं थांबवलं नाही, उलट जरा मोठ्यानं बोलू लागले. मधे पाण्याची घागर होती, उंबरा होता. ते माझ्या आवाजाच्या रोखानं सरळ आले आणि न चाचपडता शेजारच्या पाटावर बसले. म्हणाले, "पुढं?"

तुझी
सुमंगला